प्लगचा आकडा वाचायला शिका
मेडशीच्या रस्त्यावर थांबलेल्या एका एमजी गाडीवरून

मागच्या थंडीत पातूरचा घाट चढून आलेली एक लाल, उघड्या छताची, दोनच माणसांची गाडी मेडशीत आमच्या गाळ्यासमोर येऊन उभी राहिली. उभी राहिली खरी, पण तिचे इंजिन थांबेना. गाडीवाल्यांनी चावी बंद केली तरी ते गचके खात, खोकत चालूच. शेवटी त्यांनी ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच सोडला, तेव्हा कुठे ते गप्प झाले. गृहस्थ हैदराबादला निघालेले होते. म्हणाले, "उस्ताद, घाटात इंजिन खडखडत होतं आणि आता बंदच होत नाही. प्लग तर कालच चारही नवे टाकलेत."

गाडी इंग्लंडच्या एमजी कंपनीची, एमजीबी या जातीची. असे वाहन आमच्या रस्त्यावर वर्षाकाठी एखादे दिसते. पण तिची तक्रार आम्हा गॅरेजवाल्यांच्या रोजच्या कामातली होती, आणि तिचे कारण आपल्या पुष्कळ दुकानांत रोज घडणाऱ्या एका चुकीत होते. म्हणून तिच्यावर हा लेख. स्पेअर पार्टचे दुकान चालवणारे आणि गॅरेजात काम शिकणारे आपले तरुण यांनी तो जरा सावकाश वाचावा.

चारही प्लग खोलले. पोर्सेलीनचे टोक चुन्यासारखे पांढरेफटक, आणि दोन प्लगांवर बारीक फोडांसारखे दाणे आलेले. कालच बसवलेल्या प्लगाची एका दिवसात ही अवस्था. अंगावर आकडा होता एन-१२-वाय-सी. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला आकडा होता एन-९-वाय. गाडीवाल्यांनी सांगितले की दुकानदाराने मुद्दाम विचार करून हा प्लग दिला. आपल्याकडे गरमी जास्त, इंजिन जुने, रस्ता घाटाचा, तेव्हा थोडा थंड प्लग बरा, असे तो म्हणाला. विचार वाईट नव्हता. चूक एवढीच की चँपियन कंपनीच्या प्लगात आकडा वाढला की प्लग गरम होतो, थंड होत नाही. दुकानदाराला हवा होता थंड आणि त्याने दिला तीन आकडे गरम.

आता गरम प्लग आणि थंड प्लग म्हणजे काय ते पाहू, कारण वर्षानुवर्षे पाना चालवणाऱ्या मिस्त्रींचीही यात गफलत होते. गरम प्लगाची ठिणगी जास्त जोरदार असते असे कित्येकांना वाटते. तसे मुळीच नाही. दोन्हींची ठिणगी सारखीच. फरक आहे तो प्लगाचे टोक आपली उष्णता किती लवकर सोडून देते यात. आतल्या पांढऱ्या पोर्सेलीनचे नाक लांब असेल तर उष्णतेला लोखंडी अंगापर्यंत आणि तिथून हेडपर्यंत जायला वाट लांब पडते, टोक तापलेले राहते. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते. हा थंड प्लग. लांब दांड्याच्या उलथन्याचे टोक तापले तरी हाताला लवकर चटका बसत नाही आणि आखूड दांड्याचा लगेच भाजतो. घरात रोज दिसणारी गोष्ट आहे, तिथे कुणाची गफलत होत नाही.

टोकाला तापावे तर लागतेच. साधारण ४५० अंश सेल्सियसच्या खाली राहिले तर त्यावर बसणारी काजळी जळून जात नाही, प्लग काळा पडतो आणि गाडी मिसिंग मारते. साधारण ८५० अंशांच्या वर गेले तर टोक निखाऱ्यासारखे लाल होते, आणि मग ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल आधीच पेट घेते. पिस्टन वर येत असताना वरून स्फोटाचा दणका. घाटात ऐकू आलेली खडखड त्यातली होती. चावी काढल्यावरही इंजिन चालू राहिले, कारण ठिणगी बंद झाली तरी सिलिंडरात पेटवणारा निखारा शिल्लक होता. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते, एवढे लक्षात घेतले की अशी गाडी नांदेडपर्यंत तशीच पळवली असती तर काय झाले असते हे वेगळे सांगायला नको. एका साध्या प्लगाच्या चुकीने इंजिन उतरवण्याचे काम निघाले असते.

आता आकड्यांकडे वळू. सगळा घोटाळा इथेच आहे. चँपियनमध्ये आकडा जसा मोठा तसा प्लग गरम. एनजीके या जपानी कंपनीत बरोबर उलटे, आकडा मोठा तर प्लग थंड. बॉश कंपनीच्या आजच्या आकड्यांत पुन्हा मोठा आकडा म्हणजे गरम. म्हणजे एन-९-वाय-सी, बीपी-६-ईएस आणि डब्ल्यू-७-डीसी हे तिन्ही प्लग जवळजवळ एकाच उष्णतेचे असून आकडे मात्र नऊ, सहा आणि सात. एनजीके विकून विकून हात बसलेल्या माणसाने चँपियनच्या डब्यातून 'एक नंबर थंड' काढायला जावे आणि उलटेच हातात यावे, हे अगदी साहजिक आहे.

आमच्याकडच्या जुन्या दुकानांत याहून अवघड गोष्ट सापडते. बंगलोरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, जिला आपण मायको म्हणत आलो, ती १९५१ मध्ये सुरू झाली आणि २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड आहे. तिच्या जुन्या प्लगांवर तीन अंकी आकडे असत, १७५, २२५ असे. त्यात मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. नंतर पद्धत बदलली, १७५ च्या जागी ७ आला आणि २२५ च्या जागी ५. एकाच कंपनीच्या मालात दिशा फिरली. जुन्या मालाचे डबे अजून काही फळ्यांवर पडून आहेत, विकलेही जातात. दुकानाच्या भिंतीवर हाताने लिहून एक तक्ता लावा: कंपनीचे नाव, आणि त्यापुढे आकडा वाढला की गरम की थंड. कागदाचा एक तुकडा लागतो. आमच्या गाळ्यात तो आहे, तरी मी स्वतः दर वेळी एकदा त्याच्याकडे पाहतो.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. मी तक्ता पाहत होतो तेवढ्यात आमच्या शागीर्दाने जुन्या दोन-स्ट्रोक स्कूटरच्या डब्यातून चार प्लग आणून माझ्यापुढे ठेवले. म्हणाला, "चाचा, आटे जमतात, बसवून पाहिला." खरेच जमत होते. दोन्हींचे आटे १४ मिलीमीटरचे. पण आट्यांची लांबी वेगळी. स्कूटरचा प्लग १२.७ मिलीमीटर म्हणजे अर्धा इंच लांब, आणि या इंजिनाला हवा १९ मिलीमीटरचा, म्हणजे पाऊण इंचाचा.

आखूड प्लग लांब भोकात बसवला तर ठिणगी भोकाच्या आतच पडते, पेट नीट होत नाही. हेडचे खालचे सहा मिलीमीटर आटे उघडे राहून त्यांत कार्बन भरतो. पुढे कधी योग्य प्लग बसवायला गेले की तो अडकतो आणि जोर लावला की आटे जातात. याच्या उलट, लांब प्लग आखूड हेडात घातला तर तो आत डोकावतो, त्याचे उघडे आटे तापून लाल होतात आणि काही इंजिनांत पिस्टन किंवा व्हॉल्व थेट त्याच्यावर आदळतो. त्यामुळे प्लग निवडताना आटे जमले याला काही अर्थ नाही. आधी लांबी मोजा. जुना प्लग काढलेला असला तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नका, कारण तोही कुणीतरी चुकीचा बसवलेला असू शकतो. हेडची खोली एका काडीने मोजता येते.

अक्षरांतही ही माहिती असते. एनजीकेत ई म्हणजे १९ मिलीमीटर आणि एच म्हणजे १२.७. चँपियनमध्ये एन म्हणजे पाऊण इंच, एल म्हणजे अर्धा इंच. बॉशमध्ये ए आणि बी अर्ध्या इंचाचे, सी आणि डी पाऊण इंचाचे. त्यांपैकी बी आणि डी मध्ये नाक बाहेर आलेले. नाक बाहेर आलेल्या प्लगाला एनजीके पी लावते, चँपियन वाय लावते. एमजीबीला बाहेर आलेल्या नाकाचा प्लग चालतो. तो हळू चालताना लवकर तापतो म्हणून काजळी धरत नाही, आणि जोरात चालताना आत येणाऱ्या ताज्या हवेने थोडा थंड होतो. शहरात रेंगाळणाऱ्या आणि घाटात जोर लावणाऱ्या गाडीला असाच प्लग लागतो.

वाचक म्हणतील, एमजी गाडी आमच्या दारात येणार कधी आणि आम्ही हे शिकायचे कशाला? तर ऐका. १९५७ साली उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून अ‍ॅम्बॅसेडर काढली, आणि १९५९ च्या सुमारास तिच्यात जे १४८९ सी.सी. चे, वर व्हॉल्व असलेले इंजिन आले, ते बी-सिरीज नावाचे ब्रिटिश इंजिन होते. १९५५ मध्ये निघालेल्या एमजीए या शर्यती थाटाच्या गाडीत हेच १४८९ सी.सी. चे इंजिन, फक्त कार्बुरेटर दोन आणि कॉम्प्रेशन जास्त. त्याच घराण्याचे १७९८ सी.सी. चे इंजिन १९६२ मध्ये एमजीबीत आले. १९८० पर्यंत एमजीबी बनत राहिली, पाच लाखांहून अधिक निघाल्या. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसेडर २०१४ पर्यंत बनली. ज्या मिस्त्रीने अकोला-वाशिम रस्त्यावर कधी अ‍ॅम्बॅसेडरचे टप्पेट लावले असतील त्याला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर नात्यातले माणूस भेटल्यासारखे वाटेल. तेल टपकण्याची खोडसुद्धा तीच.

या घराण्यातही सगळे सारखे नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. अ‍ॅम्बॅसेडरचे कॉम्प्रेशन कमी, एमजीबीच्या चांगल्या पेट्रोलसाठीच्या इंजिनाचे ८.८ ला १. जास्त दाब म्हणजे जास्त उष्णता, म्हणून अ‍ॅम्बॅसेडरला चाललेला गरम प्लग एमजीला चालेलच असे नाही. मद्रासची स्टँडर्ड कंपनी १९६१ पासून हेराल्ड बनवत असे. तिचे इंजिन आणि इंग्लंडच्या ट्रायम्फ स्पिटफायर या गाडीचे इंजिन एकाच घराण्याचे. पण त्या घराण्यातल्या जुन्या, लहान इंजिनांना अर्ध्या इंचाचा प्लग लागतो आणि पुढच्या १३०० सी.सी. च्या इंजिनांना पाऊण इंचाचा. नाव तेच, हेड वेगळे. बॉनेटवरचे नाव वाचून प्लग देणारा दुकानदार इथे हमखास फसतो.

अशा गाड्यांचे काम आता वाढण्याची चिन्हे आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले, त्यांना व्हीए अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. मालक त्या प्रेमाने सांभाळतात, पैशापेक्षा भरवशाचा मिस्त्री शोधतात. ज्याला प्लग, पॉइंट आणि कार्बुरेटर कळतो असा हात आज शहरातही कमी होत चालला आहे. संगणकावर लावायच्या गाड्या शिकलेल्या पोरांना पॉइंटमधले अंतर ठाऊक नाही. आपल्या गावोगावच्या गॅरेजांत ही विद्या उस्तादाकडून शागीर्दाकडे अजून चालत आली आहे.

गाडीकडे परत येऊ. आमच्याकडे बीपीआर-६-ईएस चे चार नग होते. म्हणजे हवा तोच प्लग, फक्त आर हे एक अक्षर जास्त. आर म्हणजे आत रेझिस्टर, साधारण ५ हजार ओहमचा. तो रेडिओतली खरखर कमी करतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनला गरजेचा असतो. पॉइंटच्या गाडीतही तो चालतो. पण प्लगाच्या टोप्यांत आणि वायरीतही रेझिस्टर असेल तर सगळे मिळून ठिणगी कमजोर होते, तेव्हा कुठेतरी एकीकडेच असावा. इरिडियमचे महाग प्लग अशा गाडीला विकण्याचा मोह दुकानदाराला होतो. कार्बुरेटरच्या गाडीत पेट्रोल थोडे कमी-जास्त होतच असते आणि प्लग पुन:पुन्हा काढून पाहावा लागतो. तिथे साधा तांब्याच्या गाभ्याचा प्लग बरा, असे माझे मत आहे.

अंतर ०.०२५ इंच, म्हणजे ०.६४ मिलीमीटर. फिलर गेजने मोजायचे, नखाने किंवा ब्लेडने नव्हे. डब्यातून नवा निघालेला प्लगही मोजायचा. वाकवायची ती फक्त बाजूची पट्टी, मधल्या टोकाला हात लावला तर पोर्सेलीन तडकते. बसवताना आधी हातानेच पूर्ण फिरवावा, पाना नंतर. वायसर नवा असेल तर पान्याने अर्धा फेरा. वायसर आधी दबलेला असेल तर एका फेऱ्याचा बारावा भाग पुरे. आपल्याकडे पाना अंगाच्या जोराने ओढायची सवय आहे. अर्धे आटे त्याच सवयीने जातात.

या जुन्या ब्रिटिश गाड्यांत एक छुपी गोष्ट आणखी असते. एमजीबीत १९६७ पर्यंत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. पुढे पुष्कळांनी रेडिओ वगैरेसाठी ते उलटवून घेतले. उलटवताना कॉइलवरच्या दोन बारीक वायरी अदलाबदल करायला विसरले, तर ठिणगी पडते पण उलट्या दिशेने. प्लगाचे मधले टोक जास्त तापलेले असते आणि तापलेल्या टोकातून वीज सहज सुटते, म्हणून ते ऋण असावे लागते. उलटे झाले की त्याच ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. गाडी चालते, पण थंडीत सुरू व्हायला त्रास आणि चढावर मिसिंग. मालक प्लगावर प्लग बदलत बसतो. या गाडीत जोडणी बरोबर होती. टायमिंगही पाहिले, तेही ठीक. रिकामी रेस थोडी जास्त ठेवलेली होती, ती कमी केली, कारण चावी काढल्यावर इंजिन चालू राहण्याला तीही हातभार लावते. सगळा दोष प्लगावर ढकलण्याआधी एवढे पाहणे हे मिस्त्रीचे काम आहे.

प्लगाचा रंग वाचतानाही सावध राहावे. जुन्या पुस्तकांत तपकिरी रंग उत्तम म्हणून सांगितला आहे, पण ती पुस्तके शिसे घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. आपल्या देशात २००० सालापासून शिसे नसलेलेच पेट्रोल मिळते, त्यात चांगला प्लगही फिकट दिसतो. त्यात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आणि २०२५ पर्यंत जवळजवळ सगळीकडे तेच झाले. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे त्याच जेटमधून जाणारे मिश्रण जुन्या कार्बुरेटरला कमी पेट्रोलाचे पडते आणि प्लग आणखी पांढरा दिसतो. अशा वेळी घाईने थंड प्लग देऊ नये. आधी कार्बुरेटर थोडा भरून लावावा, रबरी नळ्या तपासाव्यात, आणि मगच लागल्यास एक आकडा थंड घ्यावा. एकच, दोन नाही. रंग पाहायचा तर गाडी चांगली तापवून, रिकाम्या रस्त्यावर वेगात असताना क्लच दाबून इंजिन बंद करावे, बाजूला लावून प्लग काढावा. दहा मिनिटे जागेवर रेस देऊन काढलेला प्लग काळाच असणार, तो काही सांगत नाही.

आता दुकानदारीबद्दल. बाजारात नकली प्लग पुष्कळ आहेत. अक्षरे अंगठ्याने घासली की पुसट होतात, वायसर सैल असतो किंवा हलवताच गळून पडतो, बाजूची पट्टी मधल्या टोकाच्या नीट समोर नसते, आटे खरखरीत लागतात. घाऊक माल घेताना डबा उघडून चार नग असे पाहून घ्यावेत. त्यात नफा जास्त सुटतो म्हणून जाणूनबुजून घेणाऱ्यांसाठी हा लेख नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले आणि त्यात हात घातला तर बोटांना ओल लागली, ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे घेणाऱ्याला दिसले असते, असे त्याला विचारले गेले. आमच्या धंद्यात ओल हात घालूनही कळत नाही. नाकाची लांबी लोखंडाच्या आत असते, गिऱ्हाईक ती पाहू शकत नाही. त्याला दिसतो फक्त आकडा, आणि तो वाचता येतो तो फक्त आम्हाला. ज्या दुकानदाराने एन-१२ दिला त्याने फसवले नाही, हे मी गाडीवाल्यांना स्पष्ट सांगितले. पण माहीत नसताना माहीत असल्यासारखे दिले. पुस्तकात नऊ लिहिले आहे आणि मी बारा देतो आहे, एवढे एक वाक्य त्याने बोलून दाखवले असते तरी गिऱ्हाईकाने विचार केला असता. तेव्हापासून आमच्या पावतीवर नुसते 'प्लग ४ नग' असे लिहिणे बंद केले. पुस्तकातला आकडा आणि दिलेला आकडा, दोन्ही लिहितो. फरक असेल तर कारणही.

नवे प्लग बसवून गाडी मालेगावच्या दिशेने थोडी फिरवून आणली. चावी फिरवताच इंजिन गप्प. गृहस्थ निघताना त्यांना सांगितले की नांदेडला थांबून चारही प्लग काढून पाहा. त्यांनी संध्याकाळी फोनवर फोटो पाठवला. मागचे दोन बिस्किटाच्या रंगाचे, पुढचे दोन मात्र काळपट. एमजीबीत दोन कार्बुरेटर असतात, पुढचा मुख्यतः पहिल्या दोन सिलिंडरांना पुरवतो. म्हणजे पुढचा जास्त पेट्रोल देत होता. मी त्यांना तेच कळवले आणि हैदराबादेत दोन्ही कार्बुरेटर एकाच वेळी, एकाच माणसाकडून लावून घ्यायला सांगितले. ते कसे लावायचे हा वेगळा विषय आहे, तो पुढे कधी तरी.